सत्तावीसला उतरवायचंय

ज्यांना ही थाप वाटेल त्यांनी खुशाल पुढे जावं. यात पदरचं मी काहीच घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलं, आणि तेही रात्री-बेरात्री नाही...

भर सकाळी. सव्वानऊ वाजता. विमानतळाच्या टॉवरवर, काचेच्या खोलीत.

घरात आम्ही तिला फौजदार म्हणतो. नाकावर माशी बसू देत नाही. विमानांना खाली यायची परवानगी देणं हे तिचं काम. विमानतळ लहान, रडार नाही, समोर डोंगर. त्या सकाळी ढग इतके खाली आले होते की धावपट्टीचं टोकही दिसत नव्हतं.

आता एवढं समजून घ्या. विमानातलं उंची दाखवणारं यंत्र हवेच्या दाबावर चालतं. दाबाचा आकडा टॉवर सांगतो, पायलट तो यंत्रात लावतो. आकडा दहाने जास्त सांगितला, तर विमान यंत्र दाखवतं त्यापेक्षा तीनशे फूट खाली असतं, आणि पायलटला वाटतं सगळं आलबेल आहे.

म्हणून तिथे एक शिस्त आहे. ड्यूटीवर येणाऱ्याने पाटीवरचा जुना आकडा आधी पुसायचा. दाबाचं यंत्र बघायचं. मग नवा आकडा स्वतःच्या हाताने लिहायचा.

एकोणीस वर्षांपूर्वी कुणीतरी पाटी पुसली नव्हती.

सत्तावीस नंबरचं विमान डोंगरावर आदळलं. कुणी वाचलं नाही. तो नंबर पुन्हा कुठल्याच विमानाला दिला गेला नाही.

पण ढग खाली आले की कधीकधी हेडसेटमध्ये खरखर होते... आणि एक थकलेला आवाज म्हणतो, "सत्तावीस. खाली येतोय."

टॉवरमध्ये हे सगळ्यांना ठाऊक. नियम एकच, कुठेही न लिहिलेला.

उत्तर द्यायचं नाही.

त्या सकाळी मावशी आली तीच भांडत. रात्रपाळीच्या जाड्याने तिची सुट्टी परस्पर स्वतःच्या नावावर लावून घेतली होती. "घाल ती सुट्टी चुलीत!" म्हणत ती खुर्चीत बसली. त्या नादात पाटी पुसायची राहिली.

लगेच दोनशे चार नंबरच्या विमानाने हाक दिली. आत एकशे बेचाळीस माणसं. मावशीने पाटीवर पाहून दाब सांगितला, एक हजार अकरा, आणि खाली यायची परवानगी दिली.

मग खरखर झाली...

"सत्तावीस. खाली येतोय."

जाड्या दारात जॅकेट घालत होता. भिंतीवरच्या स्पीकरमधून त्यालाही ऐकू आलं. त्याचा हात बाहीतच अडकला.

आणि त्या दिवशी आवाज तिथे थांबला नाही...

"दाब एक हजार अकरा लावलाय. बरोबर ना?"

मावशीचं डोकंच फिरलं. एकोणीस वर्षं एक माणूस हाका मारतोय, आणि आपण सगळे मूग गिळून बसलोय!

तिने माइककडे हात नेला.

"अगं ए बाई, उत्तर देऊ नकोस!" जाड्या ओरडला.

"का? खाणार आहे का तो मला?"

पण उत्तर द्यायचं तर आकडा खरा हवा. म्हणून तिने दाबाच्या यंत्राकडे पाहिलं...

एक हजार एक.

पाटीवर जाड्याच्या अक्षरात मध्यरात्रीचा एक हजार अकरा तसाच होता.

"आकडा चुकलाय! दाब एक हजार एक! सत्तावीस, वर जा! आत्ताच्या आत्ता वर जा!"

तिने माइकचं बटण सोडलं.

मग दुसराच आवाज आला. घाबरलेला. "दोनशे चार बोलतोय. आम्हीपण अकराच लावलाय."

"तुम्हीही वर! लगेच!"

डोंगरमाथा त्यांच्या चाकांच्या जेमतेम नव्वद फूट खालून गेला. हे नंतर चौकशीत कळलं. अर्ध्या तासाने दोनशे चार सुखरूप उतरलं.

पण त्याआधी खरखरीतून दोनच शब्द आले होते...

"वर जातोय."

चौकशीत टेप वाजवली. टेपवर मावशी होती, दोनशे चार होतं. सत्तावीस नव्हतंच. दोनशे चारच्या पायलटनेही फक्त मावशीचाच आवाज ऐकला होता.

जाड्या बुटांकडे बघत म्हणाला, "मला काही ऐकू आलं नाही."

मावशीने जबाबात लिहिलं होतं: पाटी मी पुसली नाही, चूक माझी. सत्तावीसने विचारलं म्हणून मी यंत्र पाहिलं.

साहेब म्हणाले, "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. शेवटची ओळ तेवढी खोडा. महिन्याभरात खुर्ची परत देतो."

"चूक माझी आहे, ती माझ्या नावावर लिहा. काय द्यायची ती शिक्षा द्या. पण ज्याच्यामुळे माणसं वाचली त्याला मी खोडणार नाही."

आठ महिने झाले. मावशी तळमजल्यावर फायलींना नंबर घालते. वर टॉवरमध्ये आता कुणालाच तो आवाज येत नाही. सगळे सुटल्यासारखे झालेत.

मावशी सोडून.

"मी त्याला वर जा म्हटलं," ती मला म्हणाली. "तो गेला. पण खाली यायची परवानगी मी दिलीच नाही रे."

"मग ती ओळ खोड ना! खुर्ची मिळेल, परवानगी देता येईल."

"खोडली की तो आलाच नव्हता असं होतं. मग उतरवू कुणाला?"

खुर्चीसाठी तिचा अकरावा अर्ज परवा गेला. ओळीसकट.

गेल्या रविवारी ढग खाली आले होते. आम्ही दोघं गच्चीत दोरीवरचे वाळत घातलेले कपडे काढत होतो. त्या दिवशी एकही विमान येणार नव्हतं. तरी ढगांत इंजिनाची घरघर ऐकू आली... डोक्यावरून लांब गेली... आणि परत आली.

मावशीने टोपली खाली ठेवली. वर पाहून, अगदी ड्यूटीवरच्या आवाजात म्हणाली, "सत्तावीस, थांबून राहा. मी येतेय."

हवेत थांबायला सांगितलेलं विमान एक फेरी चार मिनिटांत मारतं, हे तिनेच मला कधीतरी शिकवलं होतं.

मी घड्याळ लावून बघितलं.

चार मिनिटं... पुन्हा चार मिनिटं...