बुर्जी लिहायची राहिली

जळगाव–धुळे एसटीत पलीकडच्या बाकावर तो बसला होता. मांडीवर खिशात मावणारा बुद्धिबळाचा पट. आईला झोप लागली होती, म्हणूनच माझी हिंमत झाली.

"घोडा जाईल तुमचा."

त्यानं मान वर केली नाही. "जाऊ द्या. वजीर येतोय बदल्यात."

"खेळताय कुणाशी?"

"स्वतःशीच. तुम्ही खेळलात तर... हरायला तरी कुणी मिळेल."

पारोळा येईपर्यंत मी हरले होते. आणि गंमत म्हणजे, मला वाईट वाटलं नाही.

तो अभिमन. सावद्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, जळगावला कारकून, जिल्ह्याचा विजेता. मी प्रेमकुंवर, धुळ्याच्या कापडवाल्या उत्तमचंदांची मुलगी. माझ्या या बाबूजींना बुद्धिबळात तीस वर्षांत कुणी हरवलेलं नव्हतं.

वर्षभर मैत्रिणीच्या पत्त्यावर पत्रं आली. मग सहासष्ट सालच्या थंडीत त्यानं सरळ पेढीवर येऊन बाबूजींकडे मला मागितलं. परजातीचा मुलगा, आणि असा समोर बसून! बाबूजी चिडले नाहीत, हसले. मला त्या हसण्याचीच भीती वाटली.

"एकच डाव," ते म्हणाले. "जिंकलास तर मी स्वतः सावद्याला येईन. नाही जिंकलास, तर या दारात पुन्हा यायचं नाही."

आमच्या घरचा डाव जुन्या पद्धतीचा, त्याचा क्लबातला. मी आठ पानी पत्र लिहून त्याला सगळे नियम कळवले. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालतं, राजाला एकदाच घोड्याची उडी मिळते... शेवटी लिहिलं, "हरलात तर मी बोलणार नाही."

उत्तर आलं, "जिंकलो तर किती बोलाल, तेवढं कळवा."

रविवारी सकाळी नऊला डाव बसला. दुपार टळली तरी दोघं हटेनात. बाबूजी सूर्य मावळायच्या आत जेवणारे, त्या दिवशी त्यांनी ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही. मी पाणी द्यायच्या निमित्तानं चार वेळा आत-बाहेर केलं. चौथ्या वेळी अभिमननं हळूच माझ्याकडे पाहिलं... त्याचे डोळे हसत होते.

पटावर बाबूजींचा राजा उरला होता आणि एकच प्यादं. अभिमनकडे राजा आणि हत्ती. डाव त्याचाच होता. त्यानं त्या प्याद्यावर नजर रोखली, आणि मला एकदम आठवलं.

बुर्जी! समोरच्याचा एकटा राजा उरला की डाव बरोबरीत सुटतो. त्याचं एक तरी प्यादं जिवंत ठेवून मात करायची असते. बाबूजींना आजवर कुणी एवढं खाली आणलंच नव्हतं, त्यामुळे पत्र लिहिताना हा नियम मला आठवला नाही. आठ पानांत तेवढाच राहिला.

बोलावं, तर आमच्या घरच्या नियमात बघ्यानं तोंड उघडलं की तो ज्याच्या बाजूचा, तो खेळणारा हरला. मी तांब्या घेऊन तिथेच उभी राहिले.

अभिमननं हत्तीनं प्यादं मारलं.

बाबूजी पटावरून मागे सरले. मग दमल्या आवाजात, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं अहिराणीत म्हणाले, "बठ्ठं खाई टाकं तू. आते बुर्जी शे, भाऊ."

सगळंच खाल्लं म्हणून बुर्जी कशी, ते त्याला समजेना. बाबूजींनीच नियम समजावून सांगितला, अगदी सावकाश. त्यांनाही आनंद झालेला दिसला नाही.

दारात चपला घालताना अभिमन मला म्हणाला, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो... लिहायचं राहिलं."

"मग बोलणार ना आता?" तो म्हणाला. "हरलो तर नाही मी."

मला बोलताच आलं नाही. तो स्टँडकडे गेला.

पुढच्या वैशाखात मला जामनेरला दिलं. माणसं चांगली आहेत. पण मला तो हवा होता, अजूनही हवा आहे.

परवा मुलीनं पट मांडून विचारलं, "आई, प्यादं कसं चालतं?"

मी म्हटलं, "ते नंतर. आधी बुर्जी म्हणजे काय ते ऐक."