पालथी टोपली

“वांगी लावलीत का गवत?”

आवाज भिंतीपलीकडून आला आणि मी अशी दचकले की वाफ्यातच बसले. चार रोपं माझ्याखाली गेली.

मी मुळातच भित्री. पालीला भिते, आडात वाकून बघायला भिते, आणि अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, तर आमचं सगळं घरच भितं, अप्पासुद्धा. त्यात हा परक्या पुरुषाचा आवाज! मान वर केली तर छातीइतक्या मातीच्या भिंतीवर दोन्ही कोपरं टेकून एकजण उभा. ओले केस, खांद्यावर पंचा, आणि माझी फजिती बघायला तिकीट काढून आल्यासारखं हसू.

“न्हाय, खरंच इचारतो,” तो म्हणाला. “बी कसं टाकलं होतं?”

“मुठीनं.” खोटं बोलायलाही धीर लागतो, तो माझ्याकडे नव्हता.

“पुडीवर लिहिलं होतं की, चिमटीनं टाका म्हणून.”

“पुडी अप्पांनी फाडली. लिहिलेलं त्यांच्याबरोबर शेतावर गेलं.”

तो मोठ्यानं हसला. मी घाबरून घराकडे पाहिलं. अव्वाचे कान कायम परसात असायचे, ती चुलीपुढं बसलेली असली तरी.

“ती पुडी मीच दिली होती त्यास्नी. मी शरणप्पा. नवा ग्रामसेवक. हितं पार्वतम्माच्या मागच्या खोलीत ऱ्हातो.”

आमचं गाव उमरग्यापासून चार कोसांवर. निजाम गेला, मग हैद्राबाद राज्य गेलं, आणि आता आम्ही मुंबई राज्यात आहोत असं अप्पा सांगायचे. आमच्या परसात त्याचा पुरावा एकच होता, ती सरकारी वांग्याची पुडी. आता पुडी देणारा पण आला होता.

“एका वितीवर एक रोप ठेवा,” तो म्हणाला. “बाकीची उपटा.”

“सगळी?”

“सगळी. दया केली की एकालाबी वांगं धरत न्हाय.”

मी एका रोपाला हात घातला. चार पानं, कोवळा देठ... हात मागे घेतला. “मला न्हाय जमत. जित्ती हायेत ती.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग जरा हळू आवाजात म्हणाला, “मग फेकू नका. मला द्या. वाफा भिजवून मातीच्या ढेकळासकट काढा, मी हिकडं लावतो. जगतील की.”

असं ते सुरू झालं. चैत्रातली कोवळी सकाळ, आंघोळीच्या आधी मी वाफ्यात उतरायची, दोन ओळी विरळायची, ओली ढेकळं टोपलीत रचायची आणि टोपली भिंतीवर ठेवायची. तो पलीकडून उचलायचा. एवढंच. पण त्या एवढ्याशासाठी मी पहाटेपासून जागी असायची.

“आज धाच? काल वीस होती,” एकदा तो म्हणाला.

“वाफा संपत आलाय.”

“मग सावकास उपटा की. घाई कुणाला हाय?”

“तुमीच म्हणालात, दया करू नका.”

“रोपांवर म्हणालो होतो,” तो म्हणाला... “माणसांवर करा की जरा.”

मी टोपली त्याच्या हातात ढकलली. टोपलीच्या काठाखाली त्याचं बोट माझ्या बोटाला लागलं. मुद्दाम नसावं. पण त्यानं काढून घेतलं नाही आणि — खरं सांगते — मीही नाही. मग दिवसभर मला वाटत राहिलं की अव्वा माझ्या त्या बोटाकडेच बघतेय.

आता मुख्य गोष्ट सांगते, कारण ती आठवली की अजून घशाला कोरड पडते.

आम्ही लिंगायत. बारशाच्या आधी स्वामींनी माझ्या गळ्यात इष्टलिंग बांधलं होतं. पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं, शिवदोऱ्यात ओवलेलं. रोज आंघोळीनंतर ते तळहातावर घेऊन पूजा करायची, मगच पाण्याचा घोट. त्याला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही. आणि ते गळ्यातून पडलं, तर सापडेपर्यंत अन्न नाही, पाणी नाही. माझी थोरली आत्या मल्लम्मा, तिचं एका जत्रेत हरवलं होतं. तीन दिवस ती पाण्याशिवाय राहिली. चौथ्या दिवशी मठात नेऊन नवं बांधलं, जीव वाचला. पण गावानं तिला ‘लिंग पडलेली’ म्हणायला सुरुवात केली आणि त्यानंतर तिला मागणी घालायला कुणी आलंच नाही. ती तशीच म्हातारी झाली.

वाफ्यात वाकलं की माझं लिंग पुढं लोंबायचं, रोपांना लागायचं. म्हणून मी ते खांद्यावरून पाठीवर टाकायची. दिवसातून दहादा. दोरा मानेशी झिजला होता, मला ठाऊक होतं. पण अव्वाला सांगायचं म्हणजे ‘कशानं झिजला?’ आलं, आणि मग वाफा, भिंत, टोपली सगळंच आलं. मी गप्प बसले.

त्या सोमवारी टोपली देताना शरणप्पा म्हणाला, “आज दुपारच्या मोटारीनं उमरग्याला जायाचंय. मोठ्या साहेबांची मीटिंग हाय. उद्या यीन.”

“मला कशाला सांगताय?”

“दुसऱ्या कुणाला सांगू?”

मी हसतच घरात आले. आंघोळ केली. विभूतीची वडी पुढं घेतली आणि गळ्याकडे हात नेला...

गळा मोकळा होता.

आधी वाटलं, पाठीवर असेल. पाठीवर नव्हतं. न्हाणीत नव्हतं, काढून ठेवलेल्या लुगड्यात नव्हतं. तेवढ्यात बाहेरून अव्वाचा आवाज आला.

“पूजा झाली का?”

“झाली,” मी म्हणाले. आयुष्यातलं पहिलं धडधडीत खोटं, आणि तेही कशाबद्दल! आता जीभच झडणार, असं वाटलं.

परसात धावले तर अव्वा आडाशेजारी बाज टाकून कुरडया घालत बसलेली. तिच्यासमोर शोधायचं कसं? मी वाफ्यात उतरले आणि रोपं विरळायचं सोंग करून मातीत बोटं घालत राहिले. जी ठेवायची ती रोपंही उपटली. एक अख्खी ओळ बोडकी झाली. लिंग नव्हतं.

ऊन चढलं. घसा वाळून गेला. आडाचं पाणी चार पावलांवर, आणि मला थेंब चालत नव्हता.

“चल, जेवून घे,” अव्वा म्हणाली.

“आज सोमवार हाय.”

“तू कवाधरनं सोमवार धराया लागलीस?”

“...आजधरनं.”

अव्वानं डोळे बारीक केले. “व्हय? चांगला नवरा मिळावा म्हणून का?”

इतर वेळी मी लाजले असते. त्या दिवशी मला मल्लम्मा आत्या दिसली. कोपऱ्यात वाती वळत बसलेली, आणि मग तिच्या जागी मीच. शरणप्पालाही कळेल. त्याच्या घरचे विचारतील, पोरगी कशी आहे? गाव सांगेल, लिंग पडलेली आहे. मग भिंतीपलीकडून ‘वांगी का गवत’ असं विचारणारं कुणी राहणार नाही. त्याच क्षणी मला कळलं की मी त्याच्यात किती गुंतले आहे. कळायला वेळही काय निवडली!

दुपारची मोटार भोंगा वाजवत फाट्यावरून गेली. गेला तो उमरग्याला, असं मनात आलं, आणि पाठोपाठ लख्खकन आठवलं. टोपली! ओली ढेकळं मी घाईघाईनं भरली होती. त्या चिखलात माखलेलं एवढंसं कापड कुणाला दिसणार? त्यानं ते पुरलं असेल. नाहीतर कडेला फेकलं असेल, आणि पार्वतम्माच्या परसात गावची कुत्री फिरत असतात.

अव्वा डोळा लावायला आत गेली. भिंत त्याच्या छातीइतकी असली तरी माझ्या गळ्याशी यायची; मी आडाकाठचा दगड तिच्यापाशी ढकलला, त्यावर चढले आणि पलीकडे डोकावले.

शरणप्पा गेला नव्हता. भर उन्हात, उघड्या परसात तो उकिडवा बसला होता. पुढ्यात माझी टोपली पालथी, टोपलीवर दगड. चेहरा तांबडाबुंद झाला होता, ओठ पांढरे पडले होते.

“मोटार गेली की...” मी कुजबुजले.

“गेली.”

“आन् मीटिंग?”

“तीबी गेली.” तो उठला, पण टोपलीपासून हलला नाही. “तुमचं... हिच्याखाली हाय. ढेकळातनं आलं. कापड दिसलं तवा कळालं मला. हात लावला न्हाय मी. देवाशपथ न्हाय लावला. कुत्रं यायला लागलं म्हणून टोपली पालथी घातली.”

“मला हाक मारायची न्हाय का?”

“तुमच्या अव्वा भाईर होत्या. हाक मारली असती तर गाव गोळा झालं असतं. मग तुमचं नाव...” तो थांबला. “सकाळधरनं वाट बघतोय, तुमी एकदा तरी हिकडं बघताल म्हणून. तुमी नुसत्या मातीत बघताय!”

त्याच्या शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या होता. काठोकाठ भरलेला, त्यावर धूळ बसली होती.

“ते पाणी तरी प्यायचं...”

“तुमी पाण्याला शिवला न्हाईत, ते दिसत होतं मला भिंतीवरनं,” तो म्हणाला. “मग माझ्या घशाखाली कसं उतरंल?”

माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. दारानं जायचं म्हणजे अर्धं गाव पारावर बसलेलं. पार्वतम्मा बाजाराला गेलेली, म्हणजे परसात तो एकटा. भ्यायला कारणं पुष्कळ होती. मी लुगड्याचा काष्टा आवळला आणि भिंत चढून पलीकडे उडी मारली.

तो ताबडतोब पाठ फिरवून उभा राहिला. मी दगड काढला, टोपली उचलली. ढेकळात रुतलेलं माझं लिंग, तुटलेला दोरा, सगळं जसंच्या तसं होतं. ते डोळ्यांना लावलं आणि हुंदका फुटला.

“हाय न्हवं?” त्यानं पाठमोऱ्यानंच विचारलं.

“हाय.”

“मग रडता कशाला?”

“भ्या वाटत होतं... लई भ्या वाटत होतं.”

“मलाबी,” तो म्हणाला.

“महादेवी! बा इल्ली!”

‘इकडे ये’ म्हणायलाही, रागावली की अव्वा कानडीत शिरायची. भिंतीवर तिचं डोकं दिसलं. केस सुटलेले, हाताला चिखल, परक्याच्या परसात, भर दुपारी. याहून वाईट काय दिसणार होतं?

“चूक माझी हाय,” शरणप्पा पुढं झाला. “मीच टोपली मागितली, मीच ह्यास्नी...”

“न्हाय,” मी म्हणाले. आवाज माझाच होता, मलाच नवल वाटलं. “अव्वा, माझं लिंग पडलं. दोरा झिजला होता, मी सांगितलं न्हाय तुला. सकाळी पूजा झाली म्हणाले, ते खोटं. ते टोपलीतनं हिकडं आलं. ह्यांनी हात न लावता राखलं, मोटार सोडली, पाणीसुदिक पेले न्हाईत. तू मला काय बी बोल. त्यास्नी बोलू नको.”

अव्वानं पालथी टोपली पाहिली, धूळ बसलेला तांब्या पाहिला. मग तिची नजर पलीकडच्या वाफ्यावर गेली. तिथं एकेका वितीवर माझी उपटलेली रोपं ताठ उभी होती, एकूण एक जगलेली. ती किती दिवसांची आहेत, हे बागाईत केलेल्या बाईला सांगावं लागत नाही.

“खरंच हात लावला न्हाई?” तिनं त्याला विचारलं.

“न्हाय.”

“आन् सकाळधरनं हितंच?”

“व्हय.”

“आधी पूजा, मग पाणी,” अव्वा मला म्हणाली. “आन् तुमीबी या, साहेब. भिंतीवरनं न्हाई. दारानं.”

नव्या दोऱ्याला अव्वानं स्वतः गाठ मारली. पूजा झाली, मी पाणी प्याले. तसं पाणी पुन्हा कधी लागलं नाही. ओसरीवर शरणप्पा तांब्या रिता करत होता आणि अव्वा समोर बसून एकेक प्रश्न टाकत होती. मी दाराआड उभी होते.

“गाव कुठलं?”

“येरमाळा.”

“मठ कुठला तुमचा?”

लग्नाच्या वयाच्या पोराला मठ विचारतात तो कशासाठी, हे आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. त्यालाही कळलं असावं, कारण मठाचं नाव सांगताना तो चाचरला.

“लगीन?”

“न्हाय झालं.”

“का?”

तो तांब्यात बघत राहिला. भिंतीवर कोपरं टेकून हसणारा माणूस तो, आणि आता त्याचे कान लाल झाले होते. “एकीला इचारावं म्हणतोय... पर भ्या वाटतं.”

“कुणाला इचारायचं भ्या वाटतं?” अव्वा म्हणाली. “तिच्या बापाला?”

त्यानं तांब्या खाली ठेवला. आणखी क्षणभर गेला असता तर तो ‘येतो’ म्हणून उठला असता. मी दाराबाहेर आले. एका हातानं चौकट धरली.

“मला इचारा,” मी म्हणाले.

शरणप्पानं वर पाहिलं. मग घाबरून अव्वाकडे पाहिलं.

“माझ्याकडं काय बघताय? इचारा की,” अव्वा म्हणाली. “तिचा धीर तेवढाच हाय. सरायच्या आत इचारा.”