ओला चुना

दुसऱ्या दिवशी नव्या चर्चच्या प्रतिष्ठापनेला बिशप येणार, म्हणून मठाधिपती एव्रार संध्याकाळी गायनाचा घुमारा तपासायला निघाले. फ्रान्सच्या बुर्गुंडी प्रांतात तेव्हा रीतच होती. भिंती बांधतानाच गवंडी त्यांत मातीची मडकी बसवत, तोंडं आतल्या बाजूला उघडी ठेवून, म्हणजे स्तोत्रं घुमतात. इथली मडकी माओ कुंभारणीने भाजली होती. तिचा नवरा गोंत्रां इथला मुख्य गवंडी. मागच्या वर्षी कमान कोसळली, तिच्याखाली तो गेला.

"चुना अजून ओला आहे, टेकू काढू नका," असं बिचारा घसा फोडून सांगत होता. एव्रारना सणाआधी छत मोकळं हवं होतं. त्यांनी टेकू काढायला लावले आणि खापर फोडलं मेलेल्याच्या माथी. म्हणे, गवंडी प्यायला होता, त्यानेच टेकू काढले! त्यापायी गोंत्रांला दफनभूमीतही जागा मिळाली नाही. कुंपणाबाहेर पुरला, कुत्र्यासारखा.

माओ दारातच उभी होती.

"फादर, उद्या बिशपसमोर खरं सांगा. माझ्या माणसाला आत घ्या. दुसरं काही मागत नाही."

"मडकी छान केलीस, बाई. आता तोंड मिटायलाही शीक."

"माझं मिटीन की. मडक्यांचं कोण मिटणार?"

आत अंधारून आलं होतं. ओल्या दगडांचा आणि विझल्या मेणबत्त्यांचा वास येत होता. एव्रारनी स्तोत्राची पहिली ओळ म्हटली. मडकी घुमली, सूर विरत गेला, आणि त्याच्या मागून एक घोगरा, धुळीने भरलेला आवाज आला.

"अजून... ओला आहे..."

गायनप्रमुख ब्रदर तिबो पांढराफटक पडला. "फादर... हा तर गोंत्रां..."

"वारा आहे. चुना कालवून आण. मडकी बुजवू."

शिडीवर चढायला कुणी धजेना, तेव्हा एव्रार स्वतःच चढले. भीती होतीच, पण संताप जास्त होता. मेल्यावरही हा माणूस हुज्जत घालतो म्हणजे काय! एकेक तोंड त्यांनी चुन्याने लिंपलं. शेवटच्या मडक्यात थापी घातली, तर आतून कुणीतरी ती हलकेच बाजूला सारली.

सकाळी चर्च भरलं. बिशपने खूण केली, एव्रारनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. मग ठसका लागला, आणि वेदीच्या पांढऱ्या कापडावर ओल्या चुन्याचा गोळा पडला. मग दुसरा. त्यांची नजर माओला शोधत होती.

"सांगा ना, फादर," ती मागून म्हणाली. "आता सांगा."

वेदीपाशीच त्यांनी प्राण सोडला. टेकू एव्रारनीच काढायला लावले, हे तिबोने बिशपसमोर कबूल केलं, आणि गोंत्रांला त्याच आठवड्यात दफनभूमीत आणलं.

मडक्यांतला चुना एका रात्रीत दगडासारखा वाळला होता. एव्रारांच्या थडग्यावरचा मात्र वाळेना. कित्येक हिवाळे उलटले, अजूनही बोट टेकलं तर रुततं. आणि रोज सकाळी त्यावर कुणीतरी नुकतीच थापी फिरवलेली असते.