ठोकेबाईंचा कोटा

मुलांच्या हृदयाच्या दवाखान्यात सर्व्हर सांभाळायचं काम मी सत्तावीस वर्षं केलं. पंख्यांची घरघर, लोखंडी कपाट, आणि पार्टिशनपलीकडे ठोकेबाईंचं टेबल. त्यांना खऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. आलेल्या प्रत्येक मुलाच्या छातीला माइक लावून त्या चाळीस सेकंद ठोके टिपायच्या. आधी स्वतःच्या आवाजात वय सांगायच्या, "वय सहा वर्षं, दोन महिने," आणि मग गप्प. वरून चिठ्ठी आली की निमूट पाळणारी बाई. साडेदहाला यायची, दीड ते दोन डबा, साडेपाचला पर्स उचलायची.

त्या गेल्या. त्यांच्या नावावरची रेकॉर्डिंग्ज तशीच राहिली.

त्यांतलं एक माझ्या मुलीचं होतं. हे सगळं घडलं त्याच्या एकोणीस वर्षं आधी ती जन्मली आणि अकरा दिवस जगली. फोटो काढायचं कोणाला सुचलं नाही. तिसऱ्या दिवशी टिपलेले ते ठोके, चाळीस सेकंदांत त्र्याण्णव, एवढंच तिचं उरलं.

डिस्क भरत आली तेव्हा मी नवी मागितली. नवे साहेब म्हणाले, त्यापेक्षा कोटा सुरू करा. माणशी ठरावीक जागा, जास्त झाली की इशारा, सात दिवसांत कमी करायची. मी म्हटलं, ठोकेबाईंना तेवढं वगळू या.

"नियम सगळ्यांना सारखा, बाई. मेलेल्यांनी का जागा अडवायची?"

अंगाची नुसती लाही लाही झाली. तरी मी कोटा सुरू केला. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

ठोकेबाईंच्या नावे आपोआप इशारा गेला: हद्द ओलांडली आहे, मुदत सात दिवस.

दुसऱ्या संध्याकाळी त्यांची जागा थोडी कमी झालेली दिसली. सर्वांत जुनी रेकॉर्डिंग्ज पुसली गेली होती, तारखेच्या क्रमाने, साडेदहापासून साडेपाचपर्यंत. दीड ते दोन काहीच नाही. पुसणाऱ्याचं नाव त्यांचंच.

मी पासवर्ड बदलला. मग त्यांचं खातंच बंद केलं. तिसऱ्या दिवशी साडेदहाला काम सुरू.

साहेबांना नोंद दाखवली. ते हसले. म्हणाले, तुमच्यापेक्षा त्या बऱ्या, सांगितलेलं ऐकतात.

सहाव्या दिवशी पुसणं माझ्या मुलीच्या वर्षापर्यंत आलं. घाईने प्रत काढली. प्रतीत नुसती खरखर होती.

दीड वाजला. पुसणं थांबलं. माझ्याकडे अर्धा तास होता.

मी कोटा बंद केला. कोणालाही विचारलं नाही.

दहा मिनिटांत साहेब दारात. कोटा कोणी बंद केला, म्हणून विचारत होते.

"मी केला. आणि पुन्हा सुरू करायचा असेल तर आधी मला या खुर्चीतून उठवावं लागेल."

ते लेखी आदेश आणायला गेले.

दोन वाजले. दोन वाजून पाच झाले. काहीच पुसलं गेलं नाही.

मुलीचं रेकॉर्डिंग जागेवर होतं.

त्याखाली आणखी एक होतं. आजच्या तारखेचं, आत्ताच्या वेळेचं.

मी हेडफोन लावले.

"वय एकोणीस वर्षं, चार महिने," ठोकेबाई म्हणाल्या आणि गप्प झाल्या.

मी ठोके मोजले. चाळीस सेकंदांत अठ्ठेचाळीस. संथ, मोठ्या माणसाचे.