उभ्याचा ओटा

टेंभी नाक्याकडून घरी आले, दाराशी छत्री मिटली, तर माझ्या ओल्या केसांवर वरून भाताचा कोंडा पडला. चांगला सूपभर!

"अहो, डोळे आहेत की नाही?" मी वर बघून ओरडले.

शेजारच्या वखारीच्या माळ्यावरून धुळीने पांढरा झालेला एक चेहरा बाहेर आला. "आहेत... पण त्यांतही कोंडाच गेलाय हो!"

हसू आलं मेलं. रागवायचं राहूनच गेलं.

हा विश्राम. रेशनिंग आलं तशी त्याच्या वडिलांची ती भाताची वखार बंद पडली, पुढे वडीलही गेले. आई गावाहून कायमची येणार, म्हणून पोती ठेवायच्या त्या अंधाऱ्या माळ्यावर तो आता घर करत होता.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या आईकडे आला. "काकू, स्वयंपाकघर कसं करू ते सांगाल का? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

आईच्या गुडघ्यांना तो जिना झेपणारा नव्हता. तिने मला पाठवलं, आणि मी... मी धावतच गेले की!

सबंध आषाढ तिथे गेला. बाहेर दिवसभर मळभ, आत ओल्या गोणपाटाचा कुबट वास. मी म्हटलं, "काचेची कौलं घाला," त्याने घातली, आणि शेगडीच्या कोपऱ्यात थोडा उजेड आला. पोती कप्पीने वर ओढायच्या दाराची त्याने मोठी खिडकी केली.

"ती कप्पी काढू नका," मी म्हटलं. "भाजी टोपलीतून वर घेता येईल."

"आणि भाजीवालीशी घासाघीस कोण करणार? मी?"

"मी आहे ना!"

बोलून बसले, मग जीभ चावली. तो फळ्या मोजायला लागला, पण त्याचे कान लाल झाले होते.

मला ते घर हवं होतं. त्याच्यासकट. उगाच आडून कशाला बोला!

मग निघाला उभ्याचा ओटा. आमच्या आळीत तोवर सगळ्या बायका खाली बसूनच रांधायच्या. धाकू गवंड्याने विचारलं, "उंची किती ठेवू?" विश्रामने मला पुढे बोलावलं.

"कणीक मळताय असे हात धरा."

मी हवेतच कणीक मळली. त्याने माझ्या कोपराखाली भिंतीवर खडूची रेघ ओढली. बोट कोपराला लागलं — "माफ करा," म्हणाला, आणि बोट काढायला मात्र विसरला.

नागपंचमीच्या आधी त्याची आई, रंगूबाई, आली. सोबत एक ठेंगणी, भित्री मुलगी. रंगूबाईंच्या भावाची लेक, हेमा.

"भाऊ जाताना शब्द दिलाय मी त्याला," रंगूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या. "हिला सून करून घेईन म्हणून. मार्गशीर्षात उरकून टाकू."

विश्रामलाही हे तेव्हाच कळत होतं. चेहरा पार उतरला त्याचा. पण ती बापाविना पोर पुढ्यात जीव मुठीत धरून उभी. तिच्या तोंडावर नाही कसं म्हणणार?

हेमा चहा करायला ओट्याशी गेली. तिचे खांदे पार कानांपर्यंत वर आले.

"अरे, ह्यो ओटा कुणाच्या मापाने घातलास?" रंगूबाईंनी विचारलं.

हेमाने माझ्याकडे बघितलं... मग माझ्या कोपराकडे. आणि मान खाली घातली.

"माझंच चुकलं, काकू," मी म्हटलं. "गवंड्याला मीच भलती उंची सांगितली."

तशीच घरी गेले. माझ्या लग्नासाठी आईने जपून ठेवलेला शिसवी पाट उचलून आणला, ओट्यापुढे ठेवला. "यावर उभी राहा गं. हात दुखायचे नाहीत."

विश्राम जिन्यापर्यंत मागे आला.

"नीला..." पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं त्याने. "तू काही चुकली नाहीस. मी तुझ्यासाठीच बांधत होतो हे सगळं."

"माहीत आहे मला." मी एक पायरी खाली उतरले. "म्हणून तर सांगते... तो ओटा खाली घ्या. तिला रोज पाटावर चढायला लावू नका."

दोन दिवसांनी धाकूची छिन्नी वाजायला लागली. आमच्या घरात स्पष्ट ऐकू येत होती.

"कसली गं ही ठोकाठोक?" आईने विचारलं.

"ओटा कमी करतायत," मी म्हटलं, आणि खाली बसून कणीक मळत राहिले.