नळीतला लोखंडी कीस

दिवा एकदा लागला तो विझायचं नावच घेईना. मयुरा त्याच्याकडे डोळे फाडून बघत बसली.

सन २०७३. आदल्या दिवशीच्या सौरवादळाने (सूर्यावरून आलेल्या विद्युतभारित कणांच्या लोंढ्याने) उपग्रह गप्प झाले होते. हर्णे बंदरातले सगळे फोन म्हणजे नुसते ठोकळे! तरी मयुराची आई बोयांचे (समुद्रात तरंगणाऱ्या खुणांचे) दिवे दुरुस्त करायला एकटीच बोट घेऊन गेली होती. आजोबा जुने रेडिओ-शास्त्रज्ञ. त्यांनी आईला ठिणगीयंत्र दिलं होतं आणि तिच्या ठिणग्या टिपून दिवा लावणारं यंत्र घरी मयुरासमोर मांडलं होतं. एक ठिणगी म्हणजे खुशाल. तीन म्हणजे इंजिन बंद, मदत धाडा. दर पाच मिनिटांनी तोच निरोप पुन्हा.

दिवा तर एकदाच लागला. 'खुशाल,' मयुराने वहीत लिहिलं. यंत्राला तिने बोटही लावलं नाही. चालू यंत्राला हात लावायचा नाही, हा आजोबांच्या खोलीचा कायदाच होता.

इतक्यात आजोबा आले. "टिचकी मारलीस ना नळीवर?"

"टिचकी? कशाला?"

"अरे देवा, सांगायचंच राहिलं! माझा हात आपोआप जातो गं." आजोबांनी यंत्रातल्या नळीकडे बोट दाखवलं. "ठिणगी उडाली की रेडिओलहर निघते. ती या काचेच्या नळीपर्यंत आली की आतल्या लोखंडी किसाचे कण एकमेकांना चिकटतात, वीज पार जाते आणि दिवा लागतो. पण लहर सरली तरी कण चिकटलेलेच राहतात! पावणेदोनशे वर्षांपूर्वी रेडिओचा कान असाच होता. कण सुटे केल्याशिवाय त्याला पुढचं कळायचं नाही."

"म्हणजे आईच्या पुढच्या ठिणग्या..."

मयुराने पेन्सिलीने नळीवर टिचकी मारली. दिवा विझला. दोन-तीन मिनिटं सरता सरेनात. मग लागला. टिचकी. विझला. पुन्हा लागला. टिचकी. आणि तिसऱ्यांदा लागला.

आजोबा गुडघेदुखी विसरून धक्क्याकडे पळाले.

तासाभराने दुसऱ्या बोटीने आईची बोट ओढून आणली. आई चिंब भिजली होती. मयुराने आधी तिला घट्ट मिठी मारली आणि मग सगळं कबूल केलं.

"चूक माझी," आजोबा म्हणाले.

"असू दे. पण तुम्हाला पोचतंय की नाही, हेच कळेना. त्याचीच जास्त भीती वाटली," आई म्हणाली.

मयुरा आजोबांकडे वळून म्हणाली, "दिवा लावणाऱ्या विजेनेच छोटी हातोडी हलवली तर? नळीवर आपोआप टिचकी!"

"शाब्बास! तेव्हाच्या लोकांनीही हेच केलं होतं."

"मग अशी हातोडीवाली दोन यंत्रं बनवूया. एक इथे, एक आईच्या बोटीवर. आणि एक ठिणगीयंत्र आपल्याकडेही. आता आपणही तिला उत्तर द्यायचं."