एक वाजून बारा मिनिटं

शब्दकोशाच्या कचेरीत ती सहा महिन्यांच्या करारावर मुद्रितं तपासायला आली आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या लॅपटॉपने दगा दिला. पडद्याचा उजेड कमी-जास्त करायची दोन्ही बटणं ढिम्म. पडदा असा भगभगीत की दुपारपर्यंत डोकं ठणकायचं. शेवटी लॅपटॉप काखोटीला मारून ती खालच्या मजल्यावर संगणकवाल्याकडे गेली.

"बटणं ठीक आहेत," तो वर न बघताच म्हणाला. "दाबल्याचा निरोप पडद्यापर्यंत पोचत नाही. चार ओळींची स्क्रिप्ट लिहितो, ती पोचवेल."

"चारच?"

"जास्त हव्यात?" आता त्याने वर बघितलं... आणि चारच्या अकरा ओळी झाल्या.

"शून्यावर नेलंत तर पडदा पार काळा होईल हं. खाली मर्यादा घालू?"

"नको, असू दे."

काळ्या पडद्यात आपला चेहरा लख्ख दिसतो, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं. तो रोज सव्वा वाजता तिच्या मजल्यावर बाटली भरायला यायचा. ती एक वाजून बारा मिनिटांनी पडदा शून्यावर न्यायची, केस सारखे करायची आणि पुन्हा कामात बुडाल्याचं सोंग आणायची. तो जाताना म्हणायचा, "चालतंय ना?" ती म्हणायची, "चालतंय." सहा महिने हेच. दोघंही शहाणी, पण या बाबतीत शुद्ध दगड.

शुक्रवारी करार संपला. आज बोललं नाही तर विषयच संपला, हे तिला पक्कं कळत होतं. ती लॅपटॉप घेऊन खाली गेली आणि ठोकून दिलं, "बटणं पुन्हा बंद पडलीत."

"थांबा, नोंद बघू."

"कसली नोंद?"

"कुठलं बटण कधी दाबलं ते स्क्रिप्ट लिहून ठेवते. तपासणीपुरतं घातलं होतं, काढायचं राहिलं." त्याने यादी उघडली. "शेवटचं दाबलंय दहा मिनिटांपूर्वी. छान चाललंय की... आणि हे काय? रोज एक बाराला शून्य?"

पानभर चुका शोधणारी बाई, आणि स्वतःची चूक अशी ओळीने मांडलेली! पण आता लपवणार काय, कपाळ?

"आरसा," ती म्हणाली. "तुम्ही सव्वाला येता ना, म्हणून."

तो यादीतच डोकं खुपसून बसला. कान मात्र लालबुंद.

"पाणी..." तो चाचरला. "पाणी या मजल्यावरही येतं."

तिने मान उंचावून बघितलं. त्याच्या खुर्चीमागेच नळ होता — चांगला वाहता.

"सोमवारपासून मी वर नसेन," ती म्हणाली.

"माहितीय. म्हणून तर विचारतोय," अजून त्याने काहीच विचारलं नव्हतं, "सोमवारी सव्वाला बाटली कुठे भरायला येऊ?"

तिने त्याच्याच कागदावर घरचा पत्ता लिहिला. दारापर्यंत गेली आणि परत आली.

"ती नोंद काढून टाका हं आधी."

"काढतो," तो म्हणाला, आणि तिच्यादेखत यादीची एक प्रत स्वतःकडे ठेवून घेतली.